पलंगाखालची भाषा

६ मार्च, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो आणि केस कापून घेतले आहेत. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं एकटीने वाच.

मामा! मी! पत्र मी कामावरच उघडलं आणि तू ती बातमी दुसऱ्याच ओळीत घातली होतीस, त्यामुळे जिथे उभा होतो तिथूनच ओरडलो. उभा होतो इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी. तिथे कुणी ओरडलं की लोक एकच अर्थ घेतात. मुकादम बाईंनी धावत येऊन लाल दांडा खाली ओढला आणि सगळी यंत्रं एका दमात गप्प झाली.

“हात दाखव! हात दाखव आधी!”

“हात ठीक आहे बाई. मी मामा होणार आहे.”

“मग ते रोलरला कशाला सांगतोस?”

पण चहा त्यांनीच पाजला सगळ्यांना. बाई वरून फणसासारख्या आहेत, आतून गऱ्यांची अजून खात्री नाही.

हो, म्हणजे मी आता लाँड्रीत आहे. मागच्या पत्रात रोपवाटिकेत होतो ना? तिथलं संपलं. भांडण वगैरे काही नाही, नुसतं संपलं. मध्ये काही दिवस सामान हलवणाऱ्यांच्या गाडीवर होतो, त्यात एक कपाट जिन्यात असं अडकलं की त्या घरचे लोक अजून मागच्या दाराने येत-जात असतील. आता एका हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. ओल्या चादरीचं एक टोक मी धरतो, दुसरं समोरचा धरतो, दोघं एकदम झटकतो आणि रोलरच्या तोंडात देतो. पलीकडून ती गरम आणि सपाट होऊन बाहेर येते. एवढं समाधान मला शाळेत कुठल्याच विषयात मिळालं नव्हतं.

खोली बरी आहे. खिडकीखाली ट्राम वळते, तेव्हा माझा पेला टेबलावरून बोटभर सरकतो. दिवसभरात तो कडेला पोचतो, संध्याकाळी मी त्याला मागे आणून ठेवतो. आमचं असं चाललंय.

आता खरी बातमी. डोकं दुखायचं म्हणून मी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. (आईला सांगू नकोस, काही निघालं नाही.) त्याने तो दिवा लागणारा अक्षरांचा तक्ता दाखवला आणि म्हणाला, वाच. मी खालची बारीक ओळ वाचली. वाचली म्हणजे, ती सुटी अक्षरं मी एक शब्द समजून सलग वाचली, आणि म्हटलं, “शब्द छान आहे, पण शेवटी जीभ अडखळते. तिथे एखादा स्वर घाला.”

चष्मेवाल्या काकांनी हातातली काच खाली ठेवली. माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, “रविवारी दुपारी काय करतोस?”

ताई, दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी पाच-सहा मोठी, शहाणीसुरती माणसं जमतात आणि नसलेल्या भाषा बोलतात! स्वतः बनवलेल्या. काकांची भाषा विहिरीच्या तळाशी राहणाऱ्या लोकांची आहे, त्यामुळे त्यात शब्द आखूड असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी घुमण्यासाठी जागा सोडलेली असते. एक ट्राम चालवणारी मुलगी येते. तिच्या भाषेत प्रत्येक क्रियापदाची दोन रूपं: डेपोकडे जाताना करायचं एक आणि डेपोपासून लांब जाताना करायचं दुसरं. डेपोकडे जाताना जेवलात तर वेगळं जेवण, लांब जाताना जेवलात तर वेगळं. मी विचारलं, “आणि उभं राहून जेवलं तर?” ती म्हणाली, “माझ्या भाषेत कुणी उभं राहत नाही.” मला ती फार आवडली. भाषा.

मग त्यांनी विचारलं, तुझ्याकडे काय आहे? आणि मी आपली पलंगी सांगितली. म्हणजे सगळंच सांगितलं. आपल्या खोलीतला तो लोखंडी पलंग, त्याच्याखाली आपण दोघं, आणि आई चादर उचलून बघेपर्यंत तो आपला देश. तू आठ वर्षांची, मी पाच. तिथे मराठीला बंदी. आणि तुझा कायदा: पलंगी कधीच लिहायची नाही, कारण लिहिलं की आईला सापडतं. काका म्हणाले, “लहान मुलांनी बनवलेली, कधीच न लिहिलेली, दोन माणसांची भाषा!” आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच आपण दुर्मीळ असल्यासारखं वाटलं.

तू विचारलं आहेस ते माझ्या लक्षात आहे. तुला ‘लुशी निरो. दोये?’ आठवतं, म्हणजे दिवा गेला, तू कुठं? ते तू म्हणायचीस, आणि त्यावर मी उत्तर दिलं की मगच तू कुशीवर वळायचीस. आता पोटातल्या बाळाशी तू पलंगीत बोलतेस, पण माझं उत्तर काही केल्या आठवत नाही, ते लिहून पाठव, असं तू लिहिलंस. (तुझ्या कायद्याला तूच सुरुंग लावलास हे नोंदवून ठेवतो. आणि ते ‘निरो’ नव्हे, ‘मिरो’.)

त्याबद्दल लिहितोच, पण पान संपलं.

अर्धं पान उरलंय असं म्हणशील. ते मी ट्रामचं चित्र काढायला ठेवलंय.

तुझा,
भोवरा


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. ‘रोलर, ट्राम, चष्मा, पेला. मी काय विचारलं होतं?’ एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. सही नसली की तू चिडलेली असतेस, हे मी शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांपासून ओळखतो. बाळाच्या आईने चिडू नये, असं मुकादम बाई म्हणतात. त्या स्वतः चार मुलांच्या आई आहेत आणि सतत चिडलेल्या असतात, त्यामुळे त्यांना माहीत असणार.

बरं. सांगतो. पण नीट सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल. उशी पाठीशी घे.

काकांच्या खोलीत एक खेळ चालतो. आपण बनवलेली भाषा म्हातारी करायची. म्हणजे असं समजायचं की ती बोलणाऱ्यांची मुलं, नातवंडं, पणतवंडं ती बोलत राहिली, आणि हजार वर्षांनी ती कशी झाली असेल ते काढायचं. मला आधी वाटलं, मनाला येईल तसे शब्द वाकडे करायचे. मी दोन-तीन केलेही. काका म्हणाले, “असं नाही. भाषा अशी लहरीने बदलत नाही. एक आवाज बदलला की तो जिथे जिथे असेल तिथे तिथे बदलतो. एखादा शब्द लाडका आहे म्हणून त्याला सूट नाही.”

मग त्यांनी आपल्याच बोलण्यातलं उदाहरण दिलं. सप्तचं झालं सत्त आणि सत्तचं झालं सात. हस्तचं हत्थ, मग हात. दुग्धचं दुद्ध, मग दूध. कर्मचं कम्म, मग काम. ताई, मी खुर्चीतून उठलोच! हे सगळे शब्द एकाच रांगेतून, एकाच दारातून वाकून आलेत! आई रोज सकाळी “दूध उतू गेलं” म्हणून ओरडते, तेव्हा तिच्या तोंडात एवढी मोठी मिरवणूक असते आणि तिला पत्ताच नाही. शाळेत हे कुणी का सांगितलं नाही? कदाचित सांगितलंही असेल. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असेन.

असो. उशी सरकली असेल तर नीट कर.

तर मी आपली पलंगी म्हातारी करायला घेतली. पहिला बदल काकांनी सुचवला, सोपा म्हणून: प्रत्येक ‘क’चा ‘त’ करून टाक. केला. सगळीकडे, सूट न देता. मग मी त्या नव्या पलंगीत बोलायला लागलो. चादरी झटकताना, जिने चढताना, दाढी करताना, पेल्याशी. ट्रामवालीला शिकवली. ती भराभर शिकली आणि मला म्हणाली, “तुझ्या भाषेत ‘परत’ला काय म्हणतात?” मी म्हटलं, शब्दच नाही. आम्ही पलंगाखालून जाणार कुठे आणि परत येणार कुठून? ती म्हणाली, “तरीच. तुझी सगळी क्रियापदं डेपोपासून लांब जाणारी.” चांगली बोलते ना? भाषा म्हणतोय मी.

मग तुझं ते मामाच्या बातमीचं पत्र आलं आणि तुला जुनं, खरं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता लिहितो. तोंड उघडलं आणि बाहेर आलं: तोबू तिमा.

हे नवं आहे. हे माझं म्हातारं रूप आहे. यातला कुठला ‘त’ पहिल्यापासूनचा आणि कुठला ‘क’चा झालेला, ते मला आता सांगता येत नाही. कोबू किमा? कोबू तिमा? तोबू किमा? सगळी म्हणून बघितली. सगळीच बरोबर वाटतात, म्हणजे एकही वाटत नाही.

लाँड्रीत मागे कुणीतरी पांढऱ्या-पिवळ्या अभ्र्यांच्या घाण्यात लाल मोजा टाकला होता. सगळा घाणा गुलाबी निघाला. बाई प्रत्येक अभ्रा उजेडात धरून विचारत होत्या, “हा आधी पांढरा होता की पिवळा?” कोण सांगणार? गुलाबी तो गुलाबी. ताई, मी आपली भाषा लाल मोज्याबरोबर धुतली.

काकांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे, म्हातारी करायच्या आधी मूळ भाषा कुठेतरी लिहून ठेवायची असते!”

“लिहायची नाही असा कायदा आहे.”

“कुणाचा?”

“ताईचा.”

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “हे बघ. एकाच लेकीकडे बघून आई कशी होती ते कळत नाही. या लेकीने काय टाकलं आणि काय राखलं, ते तिला एकटीला सांगता येत नाही. दुसरी लेक शेजारी बसवावी लागते. एकीने टाकलेलं दुसरीने राखलेलं असतं. आपण हात म्हणतो, शेजारची भाषा हाथ म्हणते. दोघींना जवळ आणलं की मागे उभी असलेली आई दिसायला लागते. तुझी बहीण ती भाषा अजून बोलते का?”

मी म्हटलं, “पोटातल्या बाळाशी एक वाक्य बोलते. बाकी विसरले म्हणते.”

“विसरली नसेल,” काका म्हणाले. “माणसाला आपण काय बोलतो ते ऐकू येत नाही. तिला सांग, शोधायला जाऊ नकोस. दुसऱ्या कुणालातरी ऐकायला बसव.”

तर ताई, कृपा करून भावजींना ऐकायला बसव. तू काम करताना पुटपुटतेस, निदान पूर्वी पुटपुटायचीस. ते जे ऐकतील ते जसंच्या तसं लिहू देत, अर्थ न लावता. कायदा आपण दोघांनी मिळून मोडू. आई आता पलंगाखाली वाकून बघायची नाही, तिचे गुडघे दुखतात.

पलंगाचंही तू विचारलं होतंस. ते पुढच्या पत्रात.

तुझा,
गुलाबी भोवरा


२४ एप्रिल, रविवार संध्याकाळ

प्रिय ताई,

भावजींना माझा मनापासून नमस्कार सांग. असा माणूस घरात आहे म्हणून आई माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त खूश असते, यात मला आता काहीही गैर वाटत नाही.

त्यांचा कागद मी काकांच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. रविवारी तू कवळ्या बनवायचं तुझं काम घरी आणून खिडकीपाशी बसून करत होतीस आणि भावजी शेजारी पेपर वाचायचं सोंग करत होते. त्यांनी लिहिलंय: ‘दात साच्यावर नीट बसला की म्हणते: कोदू. हरवलेला ब्रश सापडला की म्हणते: तिना. (ब्रश ओठांतच होता.) माझ्याकडे बघून, हसून: दुगला. अर्थ विचारला, सांगत नाही.’

ट्रामवाली ‘ब्रश ओठांतच होता’वर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी मात्र ‘दुगला’पाशी अडकलो होतो. मला तो शब्द चांगला आठवत होता, पण ‘बुगला’ म्हणून. बुगला म्हणजे उशी. (भावजींना सांगून टाक. हक्काची उशी आहेत ते तुझी, त्यात लाजायचं काय.) मग तू लिहिलेला तो ‘निरो’ आठवला. मी म्हणतो मिरो, तू म्हणतेस निरो. मी म्हणतो बुगला, तू म्हणतेस दुगला.

काकांनी दिवा लागणारा तक्ता उलटा केला. त्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर एकीकडे माझे शब्द लिहिले, एकीकडे तुझे. दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “तुझी बहीण काम करताना तोंडात काही धरते का?”

“ब्रश. कायम. ओठांत. मेणाचा हात धुतल्याशिवाय काढत नाही.”

“वा!” काका ओरडले. खरोखर ओरडले, दुकानातलं गिऱ्हाईक मागे डोकावलं. “अरे, ओठांत ब्रश असला की ‘म’ आणि ‘ब’ म्हणणार कसे? ओठ पुरते मिटून उघडावे लागतात, ब्रश पडेल! म्हणून बाईंनी त्यांचे ‘न’ आणि ‘द’ करून टाकले. सगळीकडे, सूट न देता! दात बनवणारीच्या भाषेतले ओष्ठ्य गेले आणि दंत्य राहिले!”

शाळेत ते दंत्य-ओष्ठ्य मी घोकून घोकून नापास झालो होतो. तेव्हा कुणी तुझ्या ओठांतला ब्रश दाखवला असता तर पास झालो असतो.

तर असं झालं, ताई. तू तुझ्या साच्यांपाशी बसून इतकी वर्षं पलंगी बोलत होतीस आणि तुला पत्ता नव्हता. मी चादरींपाशी, रोपांपाशी, कपाटांपाशी बोलत होतो. एका पलंगाखालून निघालेल्या भाषेच्या दोन लेकी झाल्या. मी ‘क’ घालवला, तू राखलास. तू ‘ब’ आणि ‘म’ घालवलेस, मी राखले. काकांनी दोन्ही शेजारी लिहिलं. माझं तोबू, तुझं कोदू. माझं तिमा, तुझं तिना. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. सगळे एकदमच म्हणाले.

कोबू तिमा. आहे. इथेच.

टाळ्या झाल्या. ट्रामवालीने माझी पाठ थोपटली. काकांनी तक्त्यावर ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा तारा काढला. मला वाटलं शाबासकीचा. म्हणाले, “नाही रे. जे रूप कुणी ऐकलेलं नाही, नुसतं हिशोबाने काढलेलं आहे, त्याच्यावर तारा द्यायचा. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा आपला अंदाज आहे.”

“पण मी ऐकलंय! मीच रोज म्हणायचो!”

“मग आता म्हणून बघ. ओळख पटते का?”

म्हटलं. कोबू तिमा. कोबू तिमा. छान होतं. नीटनेटकं होतं. पण कुणा अनोळखी माणसाने माझा शर्ट घालून समोर उभं राहावं, तसं वाटलं.

ट्रामवाली म्हणाली, “असं कसं आठवेल? आधी प्रश्न यायला हवा.” तिने दुकानाचं शटर ओढलं, तक्त्याचा दिवा बंद केला, भरदुपारी खोलीत बऱ्यापैकी अंधार केला, आणि तुझा प्रश्न विचारला. अगदी बरोबर, माझ्याकडून शिकलेला: “लुशी मिरो. दोये?”

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आवाज चुकीचा होता. वाईट नव्हता, ताई. उलट फार चांगला आहे. पण तो तुझा नव्हता. तो माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूने, थोडा वरून, थोडा दम दिल्यासारखा यायला हवा.

तिने दिवा लावला आणि म्हणाली, “तुझी ताई तुला महिनोन्‌महिने हाच प्रश्न विचारतेय ना? मग इथे काय करतोयस?”

मी म्हटलं, “ती उत्तर विचारतेय. प्रश्न नाही.”

“तू चष्मा लाव,” ती म्हणाली.

म्हणून आता पलंगाबद्दल.

तुझ्या पहिल्या पत्रात बातमीच्या खालीच होतं. आपली खोली बाळाला द्यायची, पाळण्याला जागा हवी, पलंग भावजींच्या मित्राला हवा आहे. ‘तू येणार असशील तर थांबते. येतोस का?’ ते मी वाचलं होतं. पहिल्याच दिवशी, रोलरपाशी. ओरडलो ते बातमीच्या ओळीला. त्याच्या पुढची ओळ वाचली तेव्हा यंत्रं बंदच होती, सगळे माझ्याकडे बघून हसत होते, आणि मीही हसत होतो. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं.

मला राग नव्हता आला. खोली बाळाचीच. पण मी इतके दिवस गावोगाव भटकत होतो ना, तेव्हा कुणी विचारलं की घर कुठे, तर मला दार आठवत नसे, रस्ता आठवत नसे. तो पलंग आठवायचा. मला वाटायचं, तो तिथे आहे तोवर मी घर सोडलेलं नाही, जरा बाहेर पडलोय इतकंच. पलंग गेला की मी खरोखरच गेलो असा अर्थ झाला असता. म्हणून उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं नाही तर तू पलंग देणार नाहीस, असा माझा बावळट डाव होता. आणि तू खरंच दिला नाहीस. भावजींच्या कागदाखाली आईच्या अक्षरात एक ओळ होती: ‘तो पलंग अजून अडवून बसली आहे, पाळणा बाहेर व्हरांड्यात आहे, तूच काय ते सांग तिला.’

सांगतो. पलंग दे ताई. भावजींच्या मित्राला दे, त्यांनाही दोन मुलं आहेत म्हणे, पलंगाखाली रिकामी जागा राहणार नाही. पाळणा आत आण. फक्त मी येईपर्यंत थांब.

मी येतोय. शनिवारी निघतो. मुकादम बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “परत येणार आहेस का, की इथलंही नुसतं संपलं?” मी म्हटलं, परत येणार आहे. मग त्यांनी बाळासाठी चार मऊ अभ्रे काढून दिले. गुलाबी आहेत. कारण तुला माहीत आहे. (गरे आहेत, ताई. खात्री झाली.)

परत यायचं हे मी याआधी कुठल्याच कामावर म्हटलेलं नव्हतं. ट्रामवाली म्हणाली, तिच्या भाषेत आता माझं ‘जाणं’ डेपोकडचं झालं, आणि गंमत म्हणजे इथे परत येणंही डेपोकडचंच. मी विचारलं, असं दोन्हीकडून चालतं? ती म्हणाली, “नियम कालच बदललाय.” तिच्याबद्दल आईला काही सांगू नकोस. मी आल्यावर सांगेन. नाही तर तू सांग, तुला तरी कुठे राहवणार आहे.

आल्यावर एकच काम करायचं. तुला आता पलंगाखाली शिरता येणार नाही, त्याचा हट्ट नाही. तू वर झोप, मी खाली सतरंजी टाकतो. भावजींना त्यांच्या पेपरसकट दारात बसू दे, साक्षीदार हवाच. दिवा घालव आणि तुझ्या त्या दम दिलेल्या आवाजात विचार. ब्रश ओठांत असला तरी चालेल. मला कळेल, मी बोललो ते खरं आहे की नुसता काकांचा हिशोब. बाळालाही तेव्हाच दोन्ही ऐकू येतील, प्रश्नही आणि उत्तरही. पुढे ते त्याचं काय वाटेल ते करू दे. ‘ल’ घालवू दे, सगळ्याचा ‘ग’ करू दे. लहान मुलं करतातच. तिसरी लेक होईल आपल्या पलंगीची, आणि तिच्या शब्दांवर तारा काढायची गरज पडणार नाही, कारण ऐकायला आपण असू.

पेला टेबलाच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवलाय. मी नसताना पडायला नको.

तू विचारशील तेव्हा विचारच. पण मला धीर नाही, म्हणून आजच लिहून ठेवतो, अजून ताऱ्यासकट:

*कोबू तिमा

तुझा,
भोवरा